मापाचे पोलके

शिंप्याकडे नवे कापड टाकताना त्यासोबत एक जुने, अंगाला बरोबर बसणारे पोलके देण्याचा आपल्याकडे जो शिरस्ता आहे, त्यातील त्या जुन्या वस्त्राला बायका ‘मापाचं पोलकं’ म्हणतात. आणि धुऊन धुऊन विटलेले असले, तरी मापाच्या बाबतीत त्याचाच शब्द अखेरचा मानला जातो. शिंपी ते उलटे करून पसरतो, छाती, मुंढा आणि बाहीचा घेर टेपने मोजतो, खडूने आखणी करतो, आणि शिवताना आतल्या बाजूला बोटभर कापड जास्त ठेवतो, की पुढेमागे अंग भरले तर एक टीप उसवून पोलके सैल करता यावे. देह बदलता आहे आणि वस्त्राने त्याच्या मागोमाग जावयाचे आहे, हा या व्यवसायाचा मूळ धर्म त्या बोटभर कापडात साठवलेला असतो.

लुगड्याच्या बाबतीत तर हा प्रश्नच उद्भवत नव्हता. नऊ वारांचे ते अखंड वस्त्र मागावरून उतरे तेव्हा नेसणारी सडपातळ आहे की स्थूल, याची विणकराला खबर नसे. स्थूल बाईच्या निऱ्या चार कमी पडत, कृश बाईच्या चार अधिक, आणि खणाची चोळी पुढे गाठ मारून घालावयाची असल्यामुळे तीही अंगाप्रमाणे सैल वा घट्ट होई. एखाद्या बाईचे अंग ‘मापात बसत नाही’ ही तक्रार निर्माण होण्यासाठी कापड आधी कापले जावे लागते, आणि तेही जिला आपण पाहिलेले नाही अशा स्त्रीसाठी.

ही घटना अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी मोठ्या प्रमाणावर घडली. यंत्रावर शिवलेले तयार कपडे दुकानांत आले, आणि बायकांच्या कपड्यांचा क्रमांक मुख्यतः छातीच्या एकाच मापावरून ठरू लागला. बाकीचे अवयव त्याच प्रमाणात वाढत असतील असे गृहीत धरले गेले. परिणामी मोठ्या मापाचा झगा म्हणजे लहान झग्याचीच फुगवलेली प्रत ठरे: कमरेशी तो आवळे, तर खांदे ओघळत आणि बाह्या हातांवरून खाली येत. स्थूल स्त्रीला एक तर घरी शिवणे किंवा शिंपिणीला जादा दाम मोजणे, याखेरीज तिसरा मार्ग नव्हता.

तो मार्ग जिने काढला, ती लीना ब्रायंट लिथुआनियातून 1895 साली न्यूयॉर्कला आलेली एक ज्यू मुलगी होती. शिवणाच्या कारखान्यात तिने मोलमजुरी केली, एका जवाहिऱ्याशी विवाह केला, आणि मूल तान्हे असतानाच तिला वैधव्य आले. तेव्हा पतीने दिलेली हिऱ्यांची कर्णभूषणे गहाण ठेवून तिने शिवणयंत्र मिळवले आणि 1904 मध्ये फिफ्थ ॲव्हेन्यूवर स्वतःचे दुकान मांडले. बँकेच्या कागदात ‘लीना’चे ‘लेन’ झाले, ते तसेच राहिले, आणि ‘लेन ब्रायंट’ याच नावाने पुढे ती पेढी ओळखली गेली. तिची पहिली कीर्ती गरोदर स्त्रियांच्या झग्याची. वरचा भाग आणि घडीदार घागरा यांना लवचीक पट्ट्याने जोडून, देह वाढेल तसे वाढणारे वस्त्र तिने सिद्ध केले. परंतु अशा वस्त्राची जाहिरात छापणे वृत्तपत्रांना इतके अनुचित वाटे, की 1911 मध्ये ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ने ती स्वीकारीपर्यंत तिला वाट पाहावी लागली.

गरोदर बाईसाठी जे साधले ते स्थूल बाईसाठीही साधेल, हे ओळखल्यावर तिचे दुसरे पती अल्बर्ट माल्सिन, जे व्यवसायाने अभियंते होते, यांनी या कामाला हिशेबाची बैठक दिली. दुकानात येणाऱ्या सुमारे साडेचार हजार स्त्रियांची मापे त्यांनी घेतली, एका विमा कंपनीच्या दफ्तरातून सुमारे दोन लाख स्त्रियांच्या नोंदी मिळवल्या, आणि त्या साऱ्यांवरून असा निष्कर्ष काढला की स्थूल देह हा एकच एक प्रकार नसून त्याचे ढोबळ तीन प्रकार आहेत आणि प्रत्येकाची बेतणी वेगळी असली पाहिजे. लक्षावधी स्त्रियांना जे आजवर आपले वैगुण्य वाटत होते, ते वस्तुतः बेतणाऱ्याचे अज्ञान होते, ही गोष्ट या खातेवहीने प्रथमच उघड केली. 1923 पर्यंत पेढीची वार्षिक विक्री पन्नास लाख डॉलरांवर गेली, आणि त्यात गरोदर स्त्रियांच्या वस्त्रांपेक्षा मोठ्या मापाच्या वस्त्रांचा वाटा अधिक होता.

सरकारला हे काम हाती घ्यावेसे वाटले ते बऱ्याच काळाने. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या वतीने रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी जवळजवळ 15,000 स्त्रियांची, प्रत्येकीची पन्नासाहून अधिक, मापे घेवविली आणि 1941 मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. पण त्यात केवळ गौरवर्णीय स्त्रियांचीच मापे हिशेबात धरली गेली. ज्या देशात नाना वंशांच्या स्त्रिया राहतात, तेथे काहींचे देह मोजण्याजोगे आणि काहींचे नाहीत असे ठरवणे, हा त्या दस्तऐवजावरील कलंक आहे.

मला या इतिहासात आणखी एक उणीव फार जाणवते. मोठ्या मापाचे वस्त्र मिळू लागले, तरी त्यासोबत सल्ला मिळे तो मुख्यतः कृश दिसण्याचा: उभ्या रेषा घ्या, गडद रंग घ्या, देह झाका. आज स्थूल स्त्रियांना वेश सुचवण्याचा व्यवसाय करणाऱ्या स्टायलिस्ट मंडळींपुढील खरे काम हा वारसा सुधारण्याचे आहे. समोरच्या बाईला कोणता रंग आवडतो, दिवसभर तिला बसून काम करावयाचे आहे की उभ्याने, दंडाला काच पडतो की नाही, हे आधी विचारावे आणि मगच कापडाला हात घालावा. आमच्या गावच्या शिंप्याला हे कोणी शिकवले नव्हते. कोणी जाड बाई दुकानी आली की तो एवढेच विचारी, ‘‘ताई, मापाचं आणलंय ना? सैल ठेवू की अंगाबरोबर?’’ आणि ती सांगेल त्याप्रमाणे आत बोटभर कापड राखून कात्री चालवी.