जलप्रवासाची पूर्वकवायत : प्रवासी सुरक्षेच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

प्रस्तावना

आज एखादे मोठे प्रवासी जहाज बंदर सोडते तेव्हा भोजन, संगीत आणि करमणूक सुरू होण्यापूर्वी एक अनाकर्षक विधी पार पडतो. सात आखूड व एक लांब असा भोंगा वाजतो. प्रवाशांनी नेमून दिलेल्या ठिकाणी जमावे, जीवरक्षक जाकीट कसे बांधावे ते पाहावे आणि आपली जीवनौका कोणत्या बाजूस आहे हे लक्षात ठेवावे, अशी अपेक्षा असते. बहुतेक प्रवाशांना हा सहलीतील कंटाळवाणा अर्धा तास वाटतो. तथापि या अर्ध्या तासामागे सुमारे दीड शतकाचा इतिहास आहे आणि त्यातील काही महत्त्वाची पाने मुंबईच्या समुद्रात लिहिली गेली आहेत.

सागरी इतिहासाच्या मराठी लेखनात आंग्र्यांचे आरमार, बंदरांचा व्यापार आणि आगबोट कंपन्यांची स्पर्धा यांची चर्चा बऱ्यापैकी झाली आहे. सामान्य उतारूच्या जिवाची काळजी कोणी, केव्हा आणि कोणत्या नियमाने घेतली, हा प्रश्न मात्र मागे राहिला. प्रस्तुत निबंधात प्रस्थानपूर्व सुरक्षा-कवायतीचा विकास थोडक्यात मांडून, या विकासाचा लाभ कोणत्या प्रवाशांपर्यंत पोहोचला आणि कोणापर्यंत पोहोचला नाही, याचा विचार केला आहे.

साधन कोणासाठी? : ‘जेद्दा’ आणि ‘वैतरणा’

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगबोटींमुळे प्रवास वेगवान व स्वस्त झाला आणि एका बोटीवरील माणसांची संख्या शेकड्यांच्या घरात गेली. त्या प्रमाणात जीवनौका मात्र वाढल्या नाहीत. ऑगस्ट १८८० मधील ‘जेद्दा’ या बोटीची घटना या दृष्टीने उद्बोधक आहे. हजच्या यात्रेस निघालेले सुमारे एक हजार यात्रेकरू या बोटीवर होते. वादळात बोटीत पाणी शिरू लागले, तेव्हा कप्तान व बहुतेक गोरे अधिकारी जीवनौकेतून निघून गेले. दुसऱ्या जहाजाने त्यांना उचलून एडनला आणले आणि ‘जेद्दा’ यात्रेकरूंसह बुडाल्याचे त्यांनी सांगितले. लवकरच दुसऱ्या एका जहाजाने ओढत आणलेली ‘जेद्दा’ एडनच्या बंदरात दाखल झाली. यात्रेकरू जिवंत होते. एडन त्या काळी मुंबई इलाख्याच्या प्रशासनाखाली असल्याने या प्रकरणाची चौकशी तेथेच झाली आणि कप्तानाचा परवाना तीन वर्षांसाठी स्थगित करण्यात आला.

या घटनेचा बोध नैतिक आहे तितकाच व्यवस्थेविषयीही आहे. जीवनौका बोटीवर असणे आणि ती प्रवाशाच्या उपयोगी पडणे या दोन भिन्न गोष्टी होत. नौका कोणासाठी आहे, तिच्यात कोणी कोणत्या क्रमाने बसावे आणि ती कोणी उतरवावी, हे आधीच ठरलेले नसेल, तर ती बळकट हातांच्या वाट्याला जाते.

आठ वर्षांनी, नोव्हेंबर १८८८ मध्ये, मांडवीहून मुंबईकडे निघालेली ‘वैतरणा’ ही आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. बोटीवरील विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. मुंबईच्या शेफर्ड कंपनीच्या मालकीची ही बोट १८८५ मध्ये बांधली होती. तिच्यासोबत सातशेहून अधिक माणसे गेली असे मानले जाते. अवशेष मिळाले नाहीत. चौकशीत बोटीवरील सुरक्षा साधने अपुरी असल्याचे निदर्शनास आले. गुजराती लोकगीतांनी या बोटीची आठवण जपली; आंतरराष्ट्रीय कायद्याच्या इतिहासात मात्र तिला जागा मिळाली नाही. ही विषमता पुढील विवेचनात पुन्हा पुन्हा आढळेल.

साधनाकडून सरावाकडे : ‘टायटॅनिक’नंतरचा काळ

१५ एप्रिल १९१२ रोजी ‘टायटॅनिक’ बुडाले आणि पंधराशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. सुमारे २२०० माणसांसाठी जहाजावर केवळ २० जीवनौका होत्या आणि त्यांची एकत्रित क्षमता ११७८ होती, ही आकडेवारी सर्वपरिचित आहे. तुलनेने कमी परिचित बाब अशी की, या अपुऱ्या जागाही पूर्ण वापरल्या गेल्या नाहीत. सर्वप्रथम उतरवलेल्या ६५ आसनांच्या नौकेत तीसहूनही कमी माणसे होती. प्रवाशांना आपली नौका ठाऊक नव्हती, अनेकांना उबदार जहाज सोडून अंधाऱ्या समुद्रात उतरण्यात अर्थ वाटत नव्हता आणि भरलेली नौका खाली सोडताना तुटणार नाही याची खात्री अधिकाऱ्यांनाही नव्हती. साधनांची टंचाई आणि सरावाचा अभाव यांनी मिळून ही हानी घडवली.

यातूनच जानेवारी १९१४ मध्ये लंडन येथे समुद्रावरील जीवितसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. तो ‘सोलास’ या नावाने ओळखला जातो. प्रत्येकासाठी जीवनौकेत जागा आणि खलाशांची ठराविक काळाने कवायत ही तत्त्वे त्यात मान्य झाली. महायुद्धामुळे हा करार नियोजनाप्रमाणे अमलात आला नाही. पुढे १९२९, १९४८, १९६० आणि १९७४ मध्ये त्याच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. १९७४ चा करार २५ मे १९८० पासून लागू झाला आणि वेळोवेळी सुधारला जाऊन आजही आधारभूत आहे. या प्रवासात कवायतीचा केंद्रबिंदू हळूहळू सरकला. आरंभी ती खलाशांची शिस्त होती. नंतर ती प्रवाशाचेही शिक्षण ठरली.

‘रामदास’ : नियमाच्या अलीकडील बोट

स्वदेशी चळवळीच्या काळात कोकणच्या जलवाहतुकीत परदेशी कंपन्यांशी स्पर्धा करणारी एक भारतीय सहकारी कंपनी उभी राहिली. तिच्या बोटींना संतांची नावे होती आणि किनाऱ्यावरील लोक तिला आपुलकीने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. नोव्हेंबर १९२७ मधील वादळात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या तिच्या दोन बोटी बुडाल्या. १९३६ मध्ये बांधलेली ‘रामदास’ ही याच कंपनीची बोट होय.

१७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येच्या सुमारास, ‘रामदास’ सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. श्रावणापूर्वीच्या सणासाठी गावी निघालेल्या चाकरमान्यांची तिच्यावर दाटी होती. सुमारे दीड तासाचे अंतर होते. खाडीच्या मुखाशी कासाच्या खडकाजवळ वादळी लाटांनी बोट एका अंगाला कलली, भेदरलेले उतारू दुसऱ्या बाजूस धावले आणि थोड्याच वेळात बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बिनतारी संदेशाची यंत्रणा बोटीवर नव्हती. त्यामुळे सकाळी घडलेली दुर्घटना मुंबईला दुपार उलटेपर्यंत कळली नाही. ती कळली तीही पोहून किनारा गाठलेल्या उतारूंमुळे. जे वाचले त्यांतील बरेच जण कोळ्यांच्या होड्यांनी वाचवले. स्वातंत्र्य अवघ्या चार आठवड्यांवर आले होते. त्या धामधुमीत किनाऱ्यावरील शेकडो घरांचे हे दुःख राष्ट्रीय स्मृतीच्या कडेला गेले.

येथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. प्रस्थानापूर्वी कवायत झाली असती, तर ‘रामदास’ वाचली असती काय? तसे म्हणणे धाडसाचे ठरेल. बोट काही मिनिटांत उलटली आणि जीवनौका उतरवण्यास वेळच नव्हता. परंतु कवायतीचा अर्थ केवळ नौका उतरवणे असा नाही. गर्दीचे वजन एका बाजूस गेले की लहान बोटीचा तोल जातो. रेल्वेच्या डब्यातील उतारू कोठे बसतो यावर गाडीचा तोल अवलंबून नसतो. होडीतील उतारू मात्र स्वतःच त्या होडीच्या स्थैर्याचा भाग असतो. ‘बोट कलली तरी जागा सोडू नका’ हे एक वाक्य आणि जीवरक्षक साधने कोठे आहेत हे दाखवणारे एक बोट, एवढी पूर्वसूचना वादळ थांबवू शकत नाही. पण बुडणाऱ्यांची संख्या कमी करू शकते. शिवाय कवायत घ्यायची तर माणसे मोजावी लागतात आणि साधने तपासावी लागतात. जेथे मोजणी होते तेथे दाटी झाकता येत नाही. कवायतीचा हा अप्रत्यक्ष लाभ बहुधा दुर्लक्षित राहतो.

वेळेचा प्रश्न : ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’

साधने आहेत, सराव आहे. पण सराव केव्हा? हा तिसरा प्रश्न एकविसाव्या शतकात पुढे आला. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे क्रूझ जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळले. जहाजावर ४२२९ माणसे होती. त्यांपैकी ३२ मृत्युमुखी पडली. त्या संध्याकाळी चिव्हितावेक्किया बंदरात चढलेल्या सहाशेहून अधिक प्रवाशांची कवायत झालेली नव्हती. तत्कालीन नियमानुसार ती चढल्यापासून २४ तासांच्या आत घेणे पुरेसे होते. म्हणजे नियमाचा भंग न होताही शेकडो प्रवासी अज्ञानात होते. त्यातच बिघाड केवळ विजेचा असल्याचे प्रवाशांना सांगितले गेले आणि जहाज सोडण्याचा आदेश आदळल्यानंतर तासाभराहून अधिक काळाने निघाला.

या दुर्घटनेनंतर ‘सोलास’मध्ये दुरुस्ती होऊन १ जानेवारी २०१५ पासून ती लागू झाली. २४ तासांहून अधिक काळ जहाजावर राहणाऱ्या नव्या प्रवाशांची कवायत प्रस्थानापूर्वी किंवा प्रस्थान होताच घेणे बंधनकारक झाले. त्याहून कमी मुदतीच्या प्रवासातही सुरक्षा-सूचना देणे आवश्यक असून ती प्रवाशांना समजण्याची शक्यता असलेल्या एक वा अधिक भाषांत द्यावी, असे नियम सांगतो. २०२० च्या साथीनंतर काही क्रूझ कंपन्यांनी एकत्रित जमाव टाळून दूरध्वनीवरील चित्रफीत आणि आपल्या जमाव-स्थानास स्वतंत्र भेट अशी पद्धत स्वीकारली. गर्दी टळली, सोयही झाली; मात्र शेकडो माणसे एकाच वेळी एका जिन्यावर आली म्हणजे काय होते, याचा अनुभव अशा पद्धतीत मिळत नाही, हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे.

नियमाची कक्षा आणि नदीकाठ

‘सोलास’ प्रामुख्याने आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या जहाजांना लागू आहे. खाडीतील लाँच, बंदरातील पर्यटक बोट आणि नदीवरील होडी यांचे नियमन देशांतर्गत कायद्यांवर सोपवलेले आहे. मुंबई इलाख्यात तरींसाठी १८६८ पासून कायदा होता. अंतर्गत जलवाहतुकीसाठी १९१७ चा कायदा आला आणि त्याची जागा २०२१ च्या कायद्याने घेतली. १९९६ मध्ये महाराष्ट्र सागरी मंडळ स्थापन झाले. म्हणजे कायद्यांची परंपरा जुनी आहे. उणीव आहे ती प्रवाशाला सांगण्याच्या प्रथेची.

२१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव (ता. करमाळा) येथून कळाशी (ता. इंदापूर) कडे निघालेली होडी सोसाट्याच्या वाऱ्यात उलटली. होडीतील सात जणांपैकी सहा जण बुडाले. एक जण पोहून काठास लागला. त्याच वर्षी १८ डिसेंबर रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. बोटीवर परवानगीपेक्षा अधिक प्रवासी होते. या घटनेनंतर तेथील बोटींमध्ये प्रत्येक प्रवाशाने जीवरक्षक जाकीट घालण्याची सक्ती करण्यात आली. ‘टायटॅनिक’ने शिकवलेला धडा मुंबईच्या बंदरात असा ११२ वर्षांनी पुन्हा गिरवावा लागला.

या प्रश्नाचे नाते केवळ किनारपट्टीशी नाही. खुटबावसारखी दौंड तालुक्यातील गावे समुद्रापासून दूर, पुणे–दौंड लोहमार्गालगत आहेत. तरीही भीमा नदी याच टापूतून पुढे जाते आणि १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा दौंड तालुक्याच्या पूर्वभागापर्यंत येतो. धरणाने एकेकाळच्या शेजारी गावांमध्ये पाण्याचा विस्तीर्ण पट्टा निर्माण केला. रस्त्याने दूरचा वळसा घालावा लागतो, म्हणून लोक होडीत बसतात. त्यांच्यासाठी जलप्रवास ही सहल नसून दैनंदिन गरज आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून प्रस्थानपूर्व सुरक्षा-कवायतीच्या इतिहासात तीन टप्पे दिसतात. प्रथम पुरेशा साधनांची मागणी झाली, नंतर साधनांच्या सरावाची आणि अखेरीस हा सराव प्रवास सुरू होण्यापूर्वीच व्हावा याची. प्रत्येक टप्प्यामागे एक मोठी दुर्घटना आहे. परंतु प्रत्येक दुर्घटनेतून नियम निर्माण झाला असे मात्र नाही. ‘टायटॅनिक’ आणि ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ यांनी जगाचे नियम बदलले. ‘वैतरणा’ आणि ‘रामदास’ यांची हानी मोठी असूनही ती स्थानिक स्मृतीतच राहिली. कोणाच्या मृत्यूची दखल कायदा घेतो, हा अखेर सामाजिक इतिहासाचाच प्रश्न आहे.

क्रूझवरील प्रवाशाला मिळणारा अर्धा तास भीमेच्या होडीत मिळणार नाही आणि त्याची गरजही नाही. तेथे दोन मिनिटे पुरतात : माणसे मोजावीत, जाकिटे बांधावीत, जागा न सोडण्यास बजावावे आणि वारा सुटला असेल तर होडी काठावरच ठेवावी. यासाठी मोठा खर्च लागत नाही. हे सांगणे होडीवाल्याचे कर्तव्य आणि ऐकणे उतारूचा हक्क, ही जाणीव लागते. ती जाणीव रुजली, तर ‘रामदास’च्या उतारूंचे स्मरण केवळ तिथीपुरते उरणार नाही.