पाटीवरचे नाव : आयरिश पबची कुळकथा

आयर्लंडमधल्या एखाद्या छोट्या गावाच्या हमरस्त्यावरून चालत गेले, तर पबच्या पाट्यांवर बहुतेक माणसांची नावे दिसतात : मॉरिसी, मॅकार्थी, डिक मॅक, फॉक्सी जॉन. इंग्लंडमधल्या पबच्या पाटीवर मात्र लाल सिंह, राजाचा मुकुट किंवा नांगर रंगवलेला असतो. १८७२ चा परवाना कायदा दोन्हीकडे लागू होता आणि परवानाधारकाचे नाव दर्शनी भागावर लावण्याची सक्तीही दोन्हीकडे होती. इंग्लंडमध्ये ते नाव दाराच्या चौकटीवर बारीक अक्षरांत उरले, आयर्लंडमध्ये तीच पाटी झाली. कायदा एक असताना हा फरक पडला, याचे कारण मालकीत शोधावे लागते. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बिअरच्या कारखानदारांनी हजारो पब विकत घेतले आणि पब चालवणारा त्यांचा भाडेकरू झाला. आयर्लंडमध्ये ही पद्धत रुजली नाही. गिनेससारखा अवाढव्य कारखानाही स्वतःचे पब घेण्याच्या फंदात न पडता सर्वांना माल विकत राहिला. परवाना, इमारत आणि गल्ला एकाच कुटुंबाच्या हातात राहिला. आज आपण ज्याला पारंपरिक आयरिश पब म्हणतो, त्याचे जवळजवळ प्रत्येक लक्षण या एका गोष्टीतून निघाले आहे.

हे कुटुंब मुळात दुकानदाराचे होते. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून आयर्लंडमध्ये किराणा दुकानदारांना मद्यविक्रीचे परवाने मिळू लागले. व्हिस्की आणि पोर्टर ही काळी बिअर पिंपांतून येई. दुकानदार ती स्वतः बाटल्यांत भरून त्यांवर आपल्या नावाचे लेबल चिकटवी. चहा, साखर, मसाले तो असेच घाऊक आणून सुटे विकत असे. मद्य हा त्याच्या मालातला आणखी एक जिन्नस होता. काउंटी लीशमधल्या ॲबीलीक्सचे मॉरिसीज १७७५ मध्ये सुरू झाले ते किराणा दुकान म्हणून. डिंगलमध्ये डिक मॅककडे चामड्याचे काम चाले, तर फॉक्सी जॉनच्या एका बाजूला खिळे-हातोड्यांचे दुकान आणि दुसऱ्या बाजूला बार. टिपरेरीतल्या फेथर्डचे मॅकार्थी पबबरोबर अंत्यविधीची व्यवस्थाही पाहतात. पर्यटकाला हे विक्षिप्त वाटते, पण त्यामागे साधा हिशेब होता. १८४१ मध्ये या बेटाची लोकसंख्या ८० लाखांच्या वर होती. बटाट्याचा दुष्काळ आणि स्थलांतर यांमुळे १९०१ पर्यंत ती ४५ लाखांवर आली. अशा ओसरत्या गावात एका धंद्यावर घर चालत नसे. गुरांच्या बाजाराच्या दिवशी तेवढा रस्ता फुलून जाई, एरवी महिनाभर जे गिऱ्हाईक येईल त्याला चहापासून शवपेटीपर्यंत सगळे पुरवावे लागे. बारमागच्या भिंतीवरचे लाकडी खण हे त्या हिशेबाचे अवशेष आहेत.

आतली रचनाही दुकानदारीतूनच आली. गल्ल्याला लागून फळ्यांनी बंद केलेली छोटी खोली आणि काउंटरकडे उघडणारी झडप, असा तो ‘स्नग’. वाणसामान घ्यायला आलेल्या बाईला, पाद्र्याला किंवा पोलिसाला चारचौघांच्या नजरेआड घोटभर घेता यावे, ही त्याची सोय. जमिनीचे आणि लग्नाचे सौदेही तिथे जुळत. दुकान उधारीवर चाले. शेतकरी पीक किंवा वासरू विकले की खाते मिटवी, आणि तोवर दुकानदाराला त्याच्या घरची सगळी खबर असे. पबवाल्याला प्रत्येक गिऱ्हाईक नावानिशी ठाऊक असते याचे पर्यटक कौतुक करतात. त्या ओळखीचा एक पाय खातेवहीत होता. हा दुकानदार अनेकदा सावकारही असे आणि त्याबद्दल त्याला शिव्याही पडत. तरी १८७९ मध्ये जमीनदारांविरुद्ध लँड लीग ही कुळांची संघटना उभी राहिली, तेव्हा गावोगावच्या तिच्या पुढाऱ्यांत दुकानदार आणि पबवाले बरेच होते, कारण कुळाकडे पैसा उरला तरच त्यांची उधारी वसूल होणार होती.

ही रचना विसाव्या शतकात टिकली ती १९०२ च्या कायद्यामुळे. दारूची दुकाने फार झाली म्हणून त्या कायद्याने, मोजके अपवाद सोडून, नवे परवाने देणे बंद केले. हेतू दारू कमी करण्याचा होता. परिणाम असा झाला की असलेला परवाना शेतजमिनीसारखा वारशाने जपण्याची चीज बनला. गावे लहान होत गेली, पब मात्र बरेचसे टिकून राहिले. एकेका पबला गिऱ्हाईक थोडे, म्हणून नूतनीकरणाला पैसा नाही, म्हणून जुने खण आणि फळ्या जागच्या जागी. जे आज जतन वाटते, ते बऱ्याच अंशी ऐपत नसल्यामुळे राहून गेलेले आहे.

यावर पहिला आक्षेप प्राचीनतेचा. ॲथलोनचा शॉन्स बार आपले मूळ इ. स. ९०० पर्यंत नेतो, आणि ब्रेहन या जुन्या आयरिश कायद्यात पाहुण्यांना अन्न-निवारा देणाऱ्या मानकऱ्याला मोठा दर्जा होता. हे खरे असले तरी आतिथ्याची जुनी रीत आणि परवाना घेऊन पैशाने मद्य विकणारे दुकान या वेगळ्या संस्था आहेत. एका जागी सराय असल्याने दुसरी तिची वंशज ठरत नाही. दुसरा आक्षेप संगीताचा : फिडल आणि बासरी नसेल तो आयरिश पब कसला? पण हे वादन पूर्वी घराघरांत आणि चव्हाट्यावर चाले. १९३५ च्या कायद्याने सार्वजनिक नाचांना परवाना लागू लागला आणि घरगुती मैफलींवर गदा आली. पबमध्ये बसून वाजवण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमधल्या आयरिश मजुरांत बळावली. १९५१ मध्ये मलिंगारला भरलेल्या पहिल्या संगीतमेळ्यानंतर मायदेशीही या संगीताला नवा जोर आला, आणि पुढच्या दोन दशकांत पबमधली मैफल रूढ झाली. पबचे हे सर्वांत प्रसिद्ध लक्षण वयाने सर्वांत लहान आहे.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. १९९० च्या सुमारास डब्लिनमध्ये स्थापन झालेल्या आयरिश पब कंपनीने जगभर असे पब उभारून दिले. किराणा दुकानाच्या धर्तीचा पब हा त्यांच्या ठरावीक नमुन्यांपैकी एक. लाकूड, खण आणि जुन्या बाटल्या पाठवून दुबईत किंवा बर्लिनमध्ये लोक खूश होत असतील, तर मालकीचे महत्त्व कशाला सांगायचे? उत्तर असे की या नमुन्यातून वस्तू गेल्या, पण त्या वस्तू जिथे कामाला येत होत्या ते व्यवहार गेले नाहीत. तिथल्या खणांत चहा कधी नव्हताच. अर्थात मूळ पबचे गोडवे गातानाही जपून बोलावे. ज्या फळ्यांनी बाईला आडोसा दिला त्यांनीच तिला बाहेरच्या बारपासून दूर ठेवले. १९७० च्या दशकातही काही पब बाईला पाइंट द्यायला नकार देत.

आता ही मालकीच हलली आहे. २००० च्या कायद्याने देशातला कुठलाही जुना परवाना विकत घेऊन रद्द करून घ्यायचा आणि त्याच्या बदल्यात दुसरीकडे नवा मिळवायचा, अशी मुभा दिली. खेड्यातल्या थकलेल्या पबचा परवाना शहरी सुपरमार्केटच्या कामी येऊ लागला. २०११ मध्ये वाहनचालकांसाठी मद्याची मर्यादा योग्य कारणाने आणखी खाली आली, आणि २००५ पासूनच्या दोन दशकांत देशातले सुमारे चौथा हिस्सा पब बंद झाले. यावर सजावटीसाठी अनुदान देणे व्यर्थ आहे. गावाचा परवाना गावच्याच परगण्यात राहावा, आणि पबवाल्या कुटुंबाला टपाल, किराणा, औषधे असे जोडधंदे करणे सोपे व्हावे, एवढे दोन बदल सरकारने करावेत. एका घराला अनेक धंद्यांवर जगता आले म्हणून हा पब जन्मला; तसे जगता आले तरच तो टिकेल.