दोन डॉलरमधली जोखीम

आता १८४२ सालचा एक अमेरिकन खटला पाहू. निकोलस फार्वेल हा बोस्टन-वूस्टर रेल्वेवर इंजिन ड्रायव्हर, मजुरी रोजचे दोन डॉलर. १८३७ मध्ये सांधेवाल्याने सांधा चुकीचा ठेवला, इंजिन घसरलं आणि फार्वेलचा उजवा पंजा चिरडला. त्याने कंपनीवर दावा लावला. न्यायमूर्ती लेम्युएल शॉ यांचा निवाडा असा, की धोक्याची किंमत मजुरीतच धरलेली आहे आणि चूक सहकाऱ्याची आहे, मालकाची नव्हे.

गंमत बघा, त्याच गाडीत एखाद्या प्रवाशाचा पंजा गेला असता, तर सांधेवाल्याची हीच चूक कंपनीची ठरली असती! शॉ म्हणतात, सहकारी एकमेकांवर लक्ष ठेवू शकतात. अहो, धावत्या इंजिनावरून पुढच्या सांध्यावर लक्ष ठेवायचं कसं? वकिलाने हा आक्षेप घेतला होता. तो मानला गेला नाही.

आंतरराज्य रेल्वेच्या कामगारांसाठी १९०८ मध्ये काँग्रेसने कायदा केला. सहकाऱ्याची चूक कंपनीच्या माथी आली. कामगाराची स्वतःची चूक असली तरी दावा बुडेना, रक्कम तेवढी कमी होऊ लागली. कंपनीचा निष्काळजीपणा मात्र त्याला आजही सिद्ध करावा लागतो. आणि ‘धोका तूच पत्करला होतास’ हा शॉ यांचा बचाव पुरता काढून टाकायला १९३९ साल उजाडलं.