शहामृगाच्या अंड्यातील पाणी

तहान लागली की हात आपसूक माठाकडे जातो. यात काही विशेष आहे, असे आपल्याला वाटतही नाही. परंतु माठातील पाणी म्हणजे उद्याच्या तहानेची आज केलेली तरतूद, आणि ही तरतूद करायला शिकण्यापूर्वी मानवाच्या पूर्वजांनी लक्षावधी वर्षे पाण्याच्या काठाकाठाने काढली.

टांझानियातील ओल्डुवाई खोऱ्यात सुमारे १८ लाख वर्षांपूर्वी एक सरोवर होते. पण त्याचे पाणी खारट होते. भोवतालचा प्रदेश उन्हाळ्यात कोरडा पडे. मानवाचे पूर्वज तेथे टिकले ते जमिनीतून वर येणाऱ्या गोड्या पाण्याच्या झऱ्यांमुळे. दगडी हत्यारे आणि फोडलेली हाडे अशा झऱ्यांच्या परिसरातच दाटीने सापडली आहेत.

पुढे शरीरही बदलले. १९८४ साली केनियात तुर्काना सरोवराजवळ कामोया किमेऊ यांना एका मुलाच्या सांगाड्याचा पहिला तुकडा मिळाला. सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या या मुलाचा बांधा उंच आणि सडपातळ होता. असे शरीर उष्णता लवकर बाहेर टाकते. पुढे आलेले नाक उच्छ्वासातील थोडा ओलावा परत राखते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार चिंपांझी, गोरिला आदी वानरांच्या तुलनेत माणसाचे शरीर दिवसाकाठी ३० ते ५० टक्के कमी पाणी खर्च करते. तरीही घाम गाळून थंड राहणाऱ्या या देहाला पाण्यावाचून फार दूर जाता येत नाही. शरीराची काटकसर जेथे अपुरी पडली, तेथे बुद्धी पुढे आली.

याचा बोलका पुरावा दक्षिण आफ्रिकेत, केप टाउनच्या उत्तरेस असलेल्या डीपक्लूफ येथील शैलाश्रयात मिळाला. तेथे सापडलेल्या शहामृगाच्या अंड्यांच्या २७० कोरीव तुकड्यांचा वृत्तान्त २०१० साली पिएर-जाँ तेक्सिए व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. हे तुकडे सुमारे ६० हजार वर्षांपूर्वीचे आहेत. काही तुकड्यांवर मुद्दाम पाडलेल्या भोकाची कड दिसते, म्हणजे ही अंडी पाण्याची पात्रे म्हणून वापरली जात असावीत. अशा एका कवचात साधारण लिटरभर पाणी मावते. त्यांवर समांतर रेषा आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या रेघा एका ठरावीक पद्धतीने कोरलेल्या आहेत. २०२४ साली हे स्थळ जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले.

या पात्रांचा उपयोग कसा होत असेल, हे कालाहारीतील सान लोकांच्या रिवाजावरून उमगते. पाऊसकाळात ते अशी कवचे भरीत, गवताने वा मेणाने त्यांची तोंडे बुजवीत आणि कोरड्या दिवसांसाठी वाटेवर वाळूत पुरून ठेवीत. पाणी आटले की ओलसर वाळूत पोकळ नळी खुपसून ते पाणी तोंडाने ओढून घेत व कवचात भरीत. कवचावरील खुणेवरून ते कोणाचे, हे ओळखता येई.

शहामृग एके काळी आपल्या भूमीवरही वावरत होता. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे त्याच्या अंड्याचे सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे कोरीव कवच मिळाले आहे. त्याच कवचाचे मणीही तेथे सापडले.

वाळूत पाणी पुरून ठेवणाऱ्या माणसाला पुढचा उन्हाळा दिसत होता आणि आपली खूण दुसरा कोणी ओळखील, असा त्याचा भरवसा होता. दूरदृष्टी आणि परस्परांवरचा विश्वास या दोहोंच्या बळावर माणूस झऱ्याचा काठ सोडून कोरड्या प्रदेशात पाऊल टाकू शकला. आपल्या घरातील माठाची वंशावळ त्या इवल्याशा कवचापर्यंत जाऊन पोहोचते.