विस्मृतीचा रोग आणि एका रेल्वे-कारकुनाचा संसार

अल्झायमर हें नांव आतां घरोघरीं पोहोंचलें आहे. ज्या बाईवरून तो रोग जगास कळला, तिचें नांव थोड्यांस ठाऊक. तिच्या नवऱ्याची तर कोणी विचारपूसही करीत नाहीं.

जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरीं कार्ल डेटर हा रेल्वे-कचेरींतील कारकून राहत असे. १८७३ सालीं आउगुस्टेशीं त्याचें लग्न झालें, पुढें एक कन्या झाली. पन्नाशी गांठतांच आउगुस्टेच्या मनांत संशय शिरला. नवरा शेजारणीबरोबर फिरावयास जातो, हाच तिला ध्यास! मग स्वयंपाक बिघडूं लागला, पैशाचा हिशेब राहीना, वस्तु ती कोठें तरी दडवून ठेवी. कोणी आपणांस मारावयास टपला आहे, या भयानें ती किंचाळे.

वैद्यकाच्या ग्रंथांत हीं लक्षणें दोन ओळींत उरकतात. कार्लच्या घरीं तीं दिवसरात्र होतीं. अठ्ठावीस वर्षें संसार केलेल्या पत्नीनें असा आळ घ्यावा, आणि त्या दुःखास रोगाचें नांवही नसावें! निर्दोष मनुष्य अशा वेळीं पुरावे देतो, शपथा वाहतो. (आम्हां मास्तर लोकांस तर दुसऱ्याची चूक दुरुस्त केल्यावांचून राहवतच नाहीं.) परंतु पुरावा धरून ठेवणारी स्मृतीच ढांसळली, तेथें वादानें काय साधणार? वाद विसरला जातो, भय मागें राहतें. आज शुश्रूषा करणारांस सांगतात कीं, आरोप खोडीत बसूं नका. त्यामागील भीति ओळखा, आवाज मृदु ठेवा, मन दुसरीकडे वळवा. कार्लला हें सांगणारें कोणी नव्हतें.

२५ नोव्हेंबर १९०१ रोजीं, वयाच्या ५१ व्या वर्षीं, आउगुस्टे शहराच्या मनोरुग्णालयांत दाखल झाली. दुसऱ्या दिवशीं डॉ. अलॉइस अल्झायमर यांनीं नवऱ्याचें नांव विचारलें. तिनें स्वतःचेंच सांगितलें. ज्याच्यावर एवढा संशय, त्याचें नांव मात्र हरपलें होतें. तेथील खर्च कारकुनास झेपेना. तिला स्वस्त ठिकाणीं हलवावें, अशी विनंती त्यानें केली. पण ती तेथेंच राहिली, आणि ८ एप्रिल १९०६ रोजीं तेथेंच वारली.

त्याच वर्षीं ३ नोव्हेंबरला ट्यूबिंगेन येथें अल्झायमर यांनीं तिच्या मेंदूची हकीकत वाचली. सभेंतून एकही प्रश्न आला नाहीं. १९१० सालीं क्रेपेलिन यांनीं रोगास नांव दिलें. तिचें निळ्या पुठ्ठ्यांतील टिपण हरवलें होतें, तें १९९५ सालीं फ्रँकफुर्टलाच सांपडलें. त्यांत तिचें हस्ताक्षर आहे. आपलें नांव लिहावयास सांगितलें असतां तिनें 'फ्राउ' एवढें लिहिलें. पुढील शब्द पुन्हा सांगावे लागले. 'फ्राउ' म्हणजे श्रीमती. जर्मन भाषेंत पत्नीलाही हाच शब्द आहे.