स्क्रिप्टिंग भाषा : वेब विकासातील निवड व जुळणी

संकेतस्थळ उभारताना कोणत्या स्क्रिप्टिंग भाषेत कोणते काम करायचे आणि एकाहून अधिक भाषा एकत्र कशा नांदवायच्या, याविषयीचे तंत्र. अशा भाषेतला प्रोग्राम सहसा आधी वेगळा कंपाइल करावा लागत नाही. फाइल बदलली की काम भागते. वेबवर या भाषा रुजल्या त्या मुख्यतः याच सोयीमुळे.

ब्राउझरच्या बाजूला निवडीला फारसा वाव नाही. ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत दहा दिवसांत जिचे पहिले रूप सिद्ध केले, ती जावास्क्रिप्टच तेथे चालते. टाइपस्क्रिप्टमध्ये (२०१२) लिहिले तरी अखेर त्याची जावास्क्रिप्टच होते. निवडीचा प्रश्न उरतो तो सर्व्हरवर. तेथे आधी पर्ल होती. मग रासमुस लेर्डॉर्फ यांची पीएचपी (१९९५) आली. रुबीला रेल्स (२००४) आणि पायथॉनला जँगो (२००५) या चौकटींनी वेबवर बळ दिले. रायन डाल यांच्या नोड.जेएसने (२००९) जावास्क्रिप्टलाच सर्व्हरवर आणले.

भाषांच्या वेगाचे तक्ते निवडीत फार पुढे केले जातात. सामान्य संकेतस्थळाचा बराच वेळ डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहण्यात जातो, तेव्हा त्या तक्त्यांना मर्यादितच अर्थ आहे. काम करणाऱ्यांना कोणती भाषा येते, तयार लायब्ररी कोणत्या आहेत आणि होस्टिंगवर काय चालते, या बाबी अधिक निर्णायक ठरतात. स्वस्त सामायिक होस्टिंगवर पीएचपी हमखास मिळे, हे तिच्या प्रसाराचे एक मोठे कारण होय.

जुळणीचे बोलके उदाहरण विकिपीडियाचे. जानेवारी २००१ मध्ये तो पर्लमधील यूजमॉडविकीवर सुरू झाला. वर्षभरात माग्नुस मान्स्के यांनी पीएचपीत लिहिलेली प्रणाली आली आणि तिच्या पुनर्लेखनातून मीडियाविकी घडली. पानांवरचे ‘साचे’ (अनेक पानांत पुन्हा वापरायचे तयार तुकडे) आधी विकी-मजकुरातल्याच, म्हणजे पाने लिहिण्याच्या खुणांच्या भाषेतल्याच, अटींच्या सूत्रांनी चालत; संदर्भांनी भरलेले मोठे पान जुळवायला त्यामुळे कित्येक सेकंद लागत. २०१३ मध्ये या कामासाठी ल्युआ आली. रिओ दी जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात १९९३ मध्ये जन्मलेली ही भाषा दुसऱ्या प्रोग्रामच्या पोटात बसवण्यासाठीच घडवलेली आहे. साचा कोणीही सदस्य लिहू शकतो, म्हणजे अनोळखी माणसाचा प्रोग्राम सर्व्हरवर चालतो. वेळ आणि मेमरी यांची मर्यादा घालून त्याला कोंडून ठेवणे ल्युआत सोपे जाते. दुरुस्त्यांचे सांगकामे (आपोआप संपादने करणारे बॉट) बहुधा पायथॉनमध्ये लिहितात; ते बाहेरून, आपापल्या संगणकावरूनही चालवता येत असल्याने सर्व्हरच्या भाषेचे बंधन त्यांना नसते. मराठी विकिपीडियावर रोमन कळांनी देवनागरी टंकताना होणारे अक्षरांतरण मात्र जावास्क्रिप्टचे काम: प्रत्येक कळीगणिक सर्व्हरला विचारायला जाणे परवडणारे नाही.

भाषा जोडताना जपायची असते ती त्यांच्यातली सीमा. देवघेव जेसनसारख्या साध्या मजकूर-स्वरूपात ठेवली, तर एका बाजूची भाषा दुसरीला धक्का न लावता बदलता येते. एकच नियम दोन भाषांत लिहिला गेला की मात्र दोन्ही प्रती हळूहळू एकमेकींपासून दुरावतात. ब्राउझर व सर्व्हर दोन्हीकडे जावास्क्रिप्ट वापरण्याचे आकर्षण यातूनच आले. तरीही अर्जातली माहिती ब्राउझरने तपासली म्हणून सर्व्हरला पुन्हा तपासणी टाळता येत नाही. ब्राउझरमधली तपासणी वापरणाऱ्याला सहज चुकवता येते.

एकच काम दोन भाषांत लिहिण्याच्या या दुहेरीपणाची झळ विकिपीडियालाही बसली. दृश्य संपादकासाठी विकी-मजकुराचे विश्लेषण करणारी पार्सॉइड ही सेवा नोड.जेएसमध्ये होती, तर मूळ विश्लेषक पीएचपीत. दोन्ही सांभाळण्याचा भार आणि सेवांमधले निरोपांचे हेलपाटे वाचवण्यासाठी २०१९ मध्ये पार्सॉइड पीएचपीत नव्याने आणली गेली. बहुतेक मोजमापांत ती जुन्या जावास्क्रिप्ट आवृत्तीच्या सुमारे दुप्पट वेगवान ठरली.