थंडाव्याचा परतावा

उन्हाळ्याच्या तोंडावर आपल्या मंडळात एक प्रश्न हमखास निघतो. "घरचा एसी वीस वर्षांचा झाला, बदलायचाय. सरकार काही पैसे देतं म्हणे?" माझ्या नोकरीची तीस वर्षे इमारतींच्या वातानुकूलनात गेली, त्यामुळे हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडे येतो. एका वाक्यात त्याचे उत्तर देता येत नाही. हे पैसे कोण देतो आणि का देतो, याला जवळजवळ पन्नास वर्षांचा इतिहास आहे आणि तो ठाऊक असला की पैसे कुठे शोधायचे तेही कळते. म्हणून यंदा स्मरणिकेसाठी हाच विषय घेतला.

सुरुवात ऑक्टोबर १९७३ मध्ये झाली. अरब देशांनी अमेरिकेचे तेल अडवले आणि पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. आपल्यातली जी ज्येष्ठ मंडळी त्या काळात इथे आली, त्यांना त्या रांगा आठवत असतील. फेब्रुवारी १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर लोकरीचा स्वेटर घालून टीव्हीवर आले आणि लोकांना घरातले तापमान कमी ठेवायला सांगू लागले. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९७८ मध्ये, त्यांनी ऊर्जाकराच्या कायद्यावर सही केली. घरात इन्सुलेशन घाला, दुहेरी खिडक्या बसवा, पहिल्या २,००० डॉलर खर्चाच्या १५ टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ३०० डॉलर, करातून कमी होतील असा तो हिशेब होता. त्यासाठी जो फॉर्म निघाला त्याचा क्रमांक ५६९५. अलीकडे ज्यांनी हे क्रेडिट घेतले त्यांनी त्याच क्रमांकाचा फॉर्म भरला आहे.

गंमत अशी की त्या पहिल्या यादीत एसी नव्हता. कायद्याचे सारे लक्ष तेल वाचवण्याकडे आणि हिवाळ्यात घर ऊबदार ठेवण्याकडे होते. १९८५ अखेर ते क्रेडिट संपले आणि नंतर वीस वर्षे वॉशिंग्टनने घरगुती सुधारणांसाठी अशी करसवलत दिली नाही.

मग मधल्या काळात एसीला पैसे कोणी दिले? वीजकंपन्यांनी. इथे नवा माणूस गोंधळतो. वाण्याने गिऱ्हाईकाला "साखर कमी न्या, मीच तुम्हाला पैसे देतो" म्हणावे, तसा हा प्रकार! पण त्यामागचे गणित सरळ आहे. तीन टनांचा एसी घ्या. (हा 'टन' बर्फाचा बरं का. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, ती एक टन क्षमता, म्हणजे ताशी १२,००० बीटीयू. बोस्टनचा नैसर्गिक बर्फ जहाजांतून थेट मुंबईला जात असे, त्या युगाची ही निशाणी.) तर तीन टन म्हणजे ताशी ३६,००० बीटीयू. यंत्राचा 'सीअर' हा हंगामी कार्यक्षमतेचा आकडा १० असेल, तर ते सरासरी ३.६ किलोवॉट ओढते. १६ असेल तर २.२५. घरामागे १.३५ किलोवॉट वाचले. हजार घरांत १,३५० किलोवॉट. जुलैच्या दुपारी चार वाजता सगळ्यांचे एसी एकदम चालतात, आणि त्या मोजक्या तासांसाठी कंपनीला वीजकेंद्रे सज्ज ठेवावी लागतात. नवे केंद्र बांधण्यापेक्षा गिऱ्हाइकाला काहीशे डॉलर देणे स्वस्त पडते.

अर्थात वीज कमी खपली तर कंपनीचे उत्पन्न घटते, मग ती मनापासून का करेल? त्यावर कॅलिफोर्नियाने १९८२ मध्ये तोड काढली. विजेचा खप आणि कंपनीचे मंजूर उत्पन्न यांची गाठच सोडवून टाकली. खप घटला तरी कंपनीचे नुकसान होऊ नये अशी दररचना केली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले सर्वात हुशार पाऊल ते. आमच्या न्यू जर्सीत १९९९ च्या कायद्याने वीजबिलावर 'सोसायटल बेनिफिट्स चार्ज' बसला आणि त्यातून राज्याचा 'क्लीन एनर्जी प्रोग्रॅम' उभा राहिला. 'कूल ॲडव्हांटेज' या नावाने एसीवर मिळणारे रिबेट अनेकांना आठवत असेल. २०१८ च्या कायद्यानंतर, २०२१ पासून, घरगुती योजनांचा बराचसा कारभार वीजकंपन्यांकडे गेला. म्हणजे हे रिबेट दानधर्म नाही. आपणच दरमहा भरलेल्या पैशांचा तो परतावा आहे. न मागितल्यास तो शेजाऱ्याला जातो, इतकेच.

रिबेट गिऱ्हाइकाला न देता थेट कारखानदाराला द्यावे, असाही प्रयोग झाला. नव्वदीच्या सुरुवातीला अनेक वीजकंपन्यांनी मिळून सर्वात काटकसरी फ्रिज बनवणाऱ्याला तीन कोटी डॉलरचे बक्षीस लावले; १९९३ मध्ये ते व्हर्लपूलने जिंकले. पुढे पुण्याच्या 'प्रयास' संस्थेतल्या गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात छताच्या पंख्यांसाठी अशाच धर्तीची योजना मांडली. संत २०१२ मध्ये अकाली गेले. आपल्या माणसाने या विषयात केलेले काम इथल्या मराठी घरांत फारसे ठाऊक नाही, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

सक्तीची बाजूही होतीच. सत्तरीतली यंत्रे सहा-सात सीअरची असत. रेगन यांनी १९८७ मध्ये सही केलेल्या कायद्याने १९९२ पासून किमान १० सीअर सक्तीचे केले. क्लिंटन यांनी जाता जाता, जानेवारी २००१ मध्ये, ते १३ वर नेले. बुश सरकारने १२ वर आणायचे ठरवले. प्रकरण कोर्टात गेले आणि जानेवारी २००४ मध्ये न्यायालयाने १३ कायम केले. जानेवारी २००६ पासून ते लागू झाले.

आणि नेमक्या त्याच वर्षी करसवलत परतली. ऑगस्ट २००५ च्या कायद्याने २००६ आणि २००७ या वर्षांसाठी घराच्या सुधारणांना एकूण ५०० डॉलरपर्यंत क्रेडिट दिले; त्यात उत्तम दर्जाच्या सेंट्रल एसीला ३००. या वेळी एसी यादीत होता! पण २००८ मध्ये सवलत गायब. मंदी आली तेव्हा फेब्रुवारी २००९ च्या कायद्याने तिला पुन्हा आणून फुगवले: खर्चाच्या ३० टक्के, २००९ आणि २०१० मिळून १,५०० डॉलरपर्यंत. २०११ मध्ये परत ५०० वर, तेही आयुष्यभरात मिळून. त्यानंतरची दहा वर्षे म्हणजे निव्वळ पोरखेळ. सवलत दर एक-दोन वर्षांनी मरायची आणि काँग्रेस तिला मागील तारखेने जिवंत करायची. २०१७ सालची सवलत फेब्रुवारी २०१८ मध्ये मंजूर झाली. वर्ष संपल्यावर दिलेले प्रोत्साहन कोणाला प्रोत्साहन देणार? ज्याने यंत्र घेतले त्याला अनपेक्षित बक्षीस. ज्याने सवलत नाही म्हणून स्वस्तातले घेतले, तो बसला.

ऑगस्ट २०२२ मध्ये बायडन यांनी सही केलेल्या कायद्याने दहा वर्षांची हमी दिली. २०२३ पासून दरवर्षी ३० टक्के. सेंट्रल एसीला ६०० डॉलरपर्यंत, हीट पंपाला २,००० पर्यंत. (हीट पंप म्हणजे उलटाही चालणारा एसी, हिवाळ्यात बाहेरची उष्णता आत आणतो.) ती हमी तीनच वर्षे टिकली. ४ जुलै २०२५ च्या कायद्याने ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या यंत्रांना हे क्रेडिट बंद केले. त्याआधी यंत्र बसवून दावा राहून गेला असेल, तर सुधारित विवरणपत्र साधारण तीन वर्षांपर्यंत भरता येते. कागद फेकू नका. २०२५ साली बसवलेल्या यंत्राच्या दाव्यात उत्पादकाचा चार अक्षरी-अंकी संकेतही लिहायचा असतो.

या साऱ्यात एक अन्याय मला कायम खटकत आला. हे क्रेडिट कर भरणाऱ्यालाच मिळे. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त बाई फक्त सोशल सिक्युरिटीवर राहतात. आयकर शून्य, म्हणून क्रेडिटही शून्य. त्यांना एसी विकणाऱ्याने मात्र "सरकार दोन हजार देणार" असे ठासून सांगितले होते. उन्हाळ्यात गर्मीने जिवाला धोका सर्वाधिक कोणाला, तर अशाच एकट्या वृद्धांना. त्यांना उपयोग होतो तो वीजकंपनीच्या रिबेटचा, कारण त्याला कराची अट नाही, आणि बहुधा ते उत्पन्नातही धरले जात नाही. २०२२ च्याच कायद्यातली दुसरी योजना राज्यांमार्फत आहे: भागातल्या मध्यम उत्पन्नाच्या दीडपटीपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना हीट पंपासाठी ८,००० डॉलरपर्यंत. नुसत्या एसीला नाही, आणि प्रत्येक राज्याचा वेग वेगळा.

तेव्हा शोध आपल्या वीजकंपनीपासून सुरू करा, मग राज्याचे ऊर्जा खाते पाहा. नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीने १९९५ पासून चालवलेल्या 'डिझायर' या सूचीत देशभरच्या योजना राज्यवार सापडतात. काही योजनांत यंत्र घेण्यापूर्वी मंजुरी लागते, तेव्हा सही करण्याआधी फोन करा. कंत्राटदाराकडून 'एएचआरआय' प्रमाणपत्राचा क्रमांक लेखी घ्या, कारण सीअरचा आकडा बाहेरचे यंत्र आणि आतली कॉइल यांच्या जोडीला मिळतो, एकट्या यंत्राला नाही. बाहेरचे नवे आणि आतले जुने ठेवले, तर वीज फारशी वाचत नाही आणि रिबेटचा अर्जही परत येतो.